मॅकवरच्या प्रोफाइल : आधी बघा, मग हात लावा

घरचा मॅक, पैसे तुमचे, वापरणारेही तुम्हीच. तरी क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबल्यावर यादीच्या तळाशी ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या देखरेखीखाली आहे’ अशा अर्थाची ओळ दिसते. मुख्यपान बदलायला जावं तर तो रकाना फिकट झालेला असतो. क्रोम काढून पुन्हा टाकलं तरी तेच. अशा वेळी दोष बहुतेकदा क्रोममध्ये नसतो. कुणीतरी, कधीतरी त्या यंत्रावर एक कॉन्फिगरेशन प्रोफाइल बसवलेली असते, आणि क्रोम तिचा नियम मुकाट्याने पाळत असतो.

ऑफिसच्या मॅकवर अशा प्रोफाइल असणं रीतसर आहे. वायफायचा पासवर्ड, स्क्रीन किती वेळात लॉक व्हावी, फाइलव्हॉल्ट चालू असलं पाहिजे की नाही, कोणत्या ॲपला कॅमेरा वापरता येणार नाही, हे सगळं प्रोफाइलमधून ठरवता येतं. त्यामुळे प्रोफाइल ही वाईट गोष्ट नव्हे. आपल्या यंत्रावर कुणाची प्रोफाइल आहे आणि ती काय करते, हे माहीत नसणं मात्र वाईट. ते शोधण्याचं सगळ्यात भरवशाचं साधन प्रत्येक मॅकमध्ये आधीपासून असतं: टर्मिनलमधली ‘प्रोफाइल्स’ ही कमांड. हा लेख तिच्याबद्दल आहे. घरच्या एकट्या मॅकवाल्यांसाठी आहे, आणि छोट्या स्टुडिओत, शाळेत किंवा क्लिनिकमध्ये ‘कॉम्प्युटरचं तूच बघ’ म्हणून ज्यांच्या गळ्यात काम पडलेलं असतं त्यांच्यासाठी तर आहेच.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक खुलासा. खालच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान लिपीत करायच्या. शब्द बहुतेक शाळेतल्या इंग्रजीचे आहेत, स्पेलिंगही नेहमीचंच. ‘सूडो’ मात्र एस-यू-डी-ओ असा लिहायचा. त्यानंतर येणारी कमांड प्रशासकाच्या अधिकारात चालते आणि तुमचा पासवर्ड मागते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. गांगरून जाऊ नका, टाइप करून एंटर दाबा.

पहिली कमांड ‘प्रोफाइल्स लिस्ट’. ती चालवली की बऱ्याच जणांना उत्तर मिळतं की या वापरकर्त्यासाठी एकही प्रोफाइल नाही. लोक इथेच निश्चिंत होतात, आणि इथेच फसतात. प्रोफाइल दोन पातळ्यांवर बसते: एका वापरकर्त्यापुरती किंवा सगळ्या यंत्रासाठी. नुसती ‘प्रोफाइल्स लिस्ट’ फक्त तुमच्या खात्यातल्या प्रोफाइल दाखवते. यंत्राच्या पातळीवरच्या बघायच्या असतील तर ‘सूडो प्रोफाइल्स लिस्ट’ चालवावी लागते. मग ओळी अशा दिसू लागतात: सुरुवातीला ‘_कॉम्प्युटरलेव्हल[1]’, पुढे ‘ॲट्रिब्यूट’, मग ‘प्रोफाइलआयडेंटिफायर’ आणि शेवटी टिंबांनी जोडलेलं एक नाव. कंपनीची वेबसाइट उलट्या क्रमाने लिहावी तसं ते नाव असतं, म्हणजे ‘कॉम’ आधी, मग कंपनीचं नाव, मग कामाचं. वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये ‘_कॉम्प्युटरलेव्हल’च्या जागी त्याच्या खात्याचं नाव येतं. एका मॅकवर अनेक खाती असतील, उदाहरणार्थ शाळेच्या लॅबमध्ये, तर ‘सूडो प्रोफाइल्स लिस्ट -ऑल’ चालवा, म्हणजे सगळं एकदम समोर येईल.

यादीत फक्त नाव कळतं. आतलं बघायला ‘लिस्ट’च्या जागी ‘शो’ घाला: ‘सूडो प्रोफाइल्स शो -ऑल’. आता बराच मजकूर येईल, पण सगळा वाचायची गरज नाही. मी चार गोष्टी बघतो. ‘ऑर्गनायझेशन’ या ओळीत कुणाचं नाव आहे. ‘इन्स्टॉलेशनडेट’ कोणती आहे, म्हणजे त्या दिवशी यंत्रावर काय टाकलं होतं ते आठवता येतं. ‘रिमूव्हलडिसअलाउड’ खरं आहे की खोटं. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: प्रत्येक ‘पेलोड’चा ‘टाइप’.

पेलोड म्हणजे प्रोफाइलमधला एकेक नियमसंच. त्याच्या टाइपवरून तो कशाला हात घालतो ते कळतं. ‘कॉम.ॲपल.वायफाय.मॅनेज्ड’ असेल तर वायफाय, ‘कॉम.ॲपल.लॉगइनविंडो’ असेल तर लॉगइनचा पडदा, ‘कॉम.गूगल.क्रोम’ असेल तर क्रोम. घरच्या मॅकवर क्रोमचा पेलोड दिसला आणि त्यात ‘होमपेजलोकेशन’, ‘डीफॉल्टसर्चप्रोव्हायडरसर्चयूआरएल’ किंवा ‘एक्स्टेन्शनइन्स्टॉलफोर्सलिस्ट’ यांपैकी काही असेल, समोर अनोळखी वेबसाइटचा पत्ता असेल आणि संस्थेच्या रकान्यात काहीतरी मोघम नाव असेल, तर तुमचा चोर सापडला. फुकटचा व्हिडिओ प्लेअर किंवा ‘मॅक साफ करणारं’ ॲप टाकताना जाहिरातवाल्यांची ही प्रोफाइल सोबत आलेली असते. ॲप कचऱ्यात टाकलं तरी प्रोफाइल जागेवरच राहते, म्हणून मुख्यपान पुन्हापुन्हा तिथेच जातं. मात्र काही अँटिव्हायरस आणि पालकांसाठीची नियंत्रणं हीसुद्धा क्रोमवर रीतसर नियम लावतात. म्हणून नाव नवखं वाटलं एवढ्यावरून निकाल देऊ नका. पत्ता बघा, तारीख बघा, घरातल्यांना विचारा.

काढण्यापूर्वी सगळ्याची एक प्रत फाइलमध्ये ठेवून द्या. ‘सूडो प्रोफाइल्स शो -ऑल -आउटपुट’ आणि पुढे फाइलचा मार्ग दिला की सगळी माहिती तिथे साठते. उद्या काही बिघडलं तर काय होतं आणि काय गेलं हे सांगायला तुमच्याकडे कागद असेल. या एका मिनिटाच्या कामाचा लोक कंटाळा करतात. करू नये.

मग काढणं. ‘सूडो प्रोफाइल्स रिमूव्ह -आयडेंटिफायर’ आणि पुढे यादीतलं ते टिंबाटिंबांचं नाव, जसंच्या तसं. प्रोफाइल वापरकर्त्याच्या पातळीवरची असेल तर त्याच खात्यातून, ‘सूडो’शिवाय काढा. पुन्हा ‘लिस्ट’ चालवून ती गेल्याची खात्री करा आणि क्रोम पूर्ण बंद करून उघडा. काही प्रोफाइलना काढण्याचा वेगळा पासवर्ड असतो. तो माहीत असेल तर ‘-पासवर्ड’ जोडून देता येतो. ‘रिमूव्ह’सोबत ‘-ऑल’ही चालतं. ऑफिसच्या यंत्रावर ते वापरण्याचं एकही चांगलं कारण माझ्या पाहण्यात नाही. एक नाव, एक आज्ञा, एक पडताळणी, याच चालीने जावं.

दूरच्या मॅकवर एसएसएचने काम करत असाल तर थांबा. जी प्रोफाइल काढताय तिच्यातच त्या यंत्राचं वायफाय असेल, तर एंटर दाबल्याबरोबर जोडणी तुटेल आणि यंत्रापर्यंत चालत जाण्याखेरीज इलाज उरणार नाही. वायफाय प्रमाणपत्रावर चालत असेल आणि ते प्रमाणपत्र दुसऱ्याच प्रोफाइलमधून आलेलं असेल, तरी हेच. म्हणून आधी ‘शो’मध्ये पेलोड वाचायचे. आणखी एक गैरसमज: प्रोफाइल गेली की तिच्यामुळे झालेलं सगळं आपोआप उलटतं, असं नाही. सक्तीने लावलेली सेटिंग्ज मोकळी होतात. पण फाइलव्हॉल्ट चालू करायला लावणारी प्रोफाइल काढली म्हणून डिस्कचं एन्क्रिप्शन उलगडत नाही. ते तसंच राहतं, आणि त्याची रिकव्हरी की कुणाकडे आहे हा प्रश्न तुमच्यापुढे उभा राहतो. तो प्रश्न आधी सोडवा.

आणखी एक प्रकार असा, की कमांड बिनचूक आहे, ‘सूडो’ आहे, तरी प्रोफाइल निघत नाही. ती बहुधा एमडीएमने बसवलेली असते. एमडीएम म्हणजे संस्थेचा दूरवरून यंत्रं सांभाळणारा सर्व्हर. जॅम्फ, इंट्यून, मोझिल ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावं. त्याने बसवलेली प्रोफाइल त्यानेच काढायची, किंवा यंत्राची त्याच्याकडची नोंदणीच रद्द करायची. संस्थेच्या यंत्रावर असं काही अडलं तर पळवाट शोधू नका, आयटीवाल्यांना नाव आणि कारण लिहून पाठवा. यंत्र त्यांचं आहे, नियमही त्यांचे.

आता बसवण्याकडे. जुन्या लेखांमध्ये कमांड लाइनवरून प्रोफाइल बसवण्याच्या सूचना सापडतात: मोठ्या लिपीतलं आय आणि एफ, किंवा ‘इन्स्टॉल’ हे क्रियापद. त्यांत वेळ घालवू नका. 2020 साली आलेल्या बिग सरपासून ॲपलने हा रस्ता बंद केला. ‘प्रोफाइल्स’ कमांड बघते, तपासते, काढते, बसवत नाही. बऱ्याच व्यवस्थापकांना हा निर्णय तेव्हा खटकला होता. माझं मत वेगळं आहे. वर सांगितलेली जाहिरातवाली प्रोफाइल याच दाराने, वापरणाऱ्याला पत्ता न लागता आत शिरत होती. आता दोनच दारं उरली आहेत: एमडीएम, किंवा समोर बसलेल्या माणसाने स्वतः वाचून दिलेली संमती. सोय थोडी गेली, पण नियम कुणी लावला हे सांगता येऊ लागलं, आणि मला तोच सौदा चांगला वाटतो.

हाताने बसवायची रीत अशी. प्रोफाइलची फाइल ‘.मोबाइलकॉन्फिग’ या शेपटाची असते. टर्मिनलमध्ये ‘ओपन’ लिहून फाइलचं नाव द्या, किंवा फाइंडरमध्ये तिच्यावर दोनदा क्लिक करा. ती लगेच बसत नाही, मंजुरीची वाट बघत थांबते. मंजुरी सिस्टिम सेटिंग्जमध्ये द्यायची. जागा मात्र आवृत्तीगणिक सरकली आहे. व्हेंचुरा आणि सोनोमामध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त खाली ‘प्रोफाइल्स’ आहे. सिकोयापासून ते ‘जनरल’मधल्या ‘डिव्हाइस मॅनेजमेंट’मध्ये गेलं. आठ मिनिटांत मंजुरी दिली नाही तर थांबलेली प्रोफाइल आपोआप निघून जाते, आणि लोक ‘फाइल खराब आहे’ म्हणत बसतात. फाइल ठीक असते, पुन्हा उघडा.

स्वतःची प्रोफाइल लिहिणं वाटतं तेवढं अवघड नाही, आणि एकदा लिहिली की ‘शो’चा सगळा मजकूर स्वच्छ वाचता येऊ लागतो. फाइल साध्या एक्सएमएलमध्ये असते. सुरुवातीला सोपं काम घ्या: लॉगइनच्या पडद्यावर ‘हा मॅक हरवल्यास या क्रमांकावर कळवा’ अशी ओळ आणायची. बाहेरच्या थरात प्रोफाइलची ओळख, म्हणजे ‘पेलोडआयडेंटिफायर’, ‘पेलोडयूयूआयडी’, ‘पेलोडडिस्प्लेनेम’, संस्थेचं नाव, आणि ‘पेलोडस्कोप’मध्ये ‘सिस्टिम’, कारण लॉगइनचा पडदा सगळ्या यंत्राचा असतो. आतल्या ‘पेलोडकंटेंट’मध्ये एक पेलोड: टाइप ‘कॉम.ॲपल.लॉगइनविंडो’, त्याचे स्वतःचे वेगळे आयडेंटिफायर आणि यूयूआयडी, आणि ‘लॉगइनविंडोटेक्स्ट’ या किल्लीसमोर तुमची ओळ. ती मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. यूयूआयडी, म्हणजे प्रत्येकाचा वेगळा ओळखक्रमांक, मनाने रचू नका. टर्मिनलमध्ये ‘यूयूआयडीजेन’ लिहा, प्रत्येक वेळी नवा मिळेल.

आयडेंटिफायर मात्र विचार करून ठरवा आणि मग बदलू नका. नवी प्रोफाइल जुनीची जागा घेणार की तिच्या शेजारी आणखी एक म्हणून बसणार, हे त्यावरून ठरतं. दर दुरुस्तीला नवं नाव दिलं तर सहा महिन्यांनी यंत्रावर एकाच कामाच्या चार प्रोफाइल सापडतात आणि त्यातली कुठली खरी ते कुणालाच सांगता येत नाही. किल्ल्यांची नावं अंदाजाने लिहिण्यापेक्षा ॲपलने गिटहबवर ठेवलेलं ‘डिव्हाइस-मॅनेजमेंट’ हे भांडार उघडा. कोणत्या पेलोडमध्ये कोणती किल्ली चालते, कोणत्या आवृत्तीपासून चालते, सगळं तिथे आहे.

उघडण्याआधी ‘पीएलयूटिल -लिंट’ आणि फाइलचं नाव, एवढं चालवा. राहिलेला कंस, न मिटलेली खूण, चुकलेली ओळ लगेच कळते. अर्थात ही तपासणी व्याकरणापुरती आहे. किल्लीचं स्पेलिंग चुकलं असेल तर ती बोलणार नाही. प्रोफाइल बसेल, यादीत दिसेल आणि काहीच करणार नाही. म्हणून बसवल्यावर परिणाम तपासायचा. यंत्रावर प्रत्यक्ष लागू झालेली मूल्यं ‘/लायब्ररी/मॅनेज्ड प्रेफरन्सेस’ या फोल्डरमध्ये येतात. ‘डीफॉल्ट्स रीड’ लिहून या फोल्डरमधल्या ‘कॉम.ॲपल.लॉगइनविंडो’चा पूर्ण मार्ग द्या. फोल्डरच्या नावात जागा आहे, म्हणून मार्ग अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर टर्मिनल त्याचे दोन तुकडे समजेल. तिथे तुमची ओळ दिसली की झालं.

दुसऱ्याने पाठवलेली प्रोफाइल बसवण्यापूर्वी वाचायची असेल आणि ती उघडल्यावर अक्षरांचा गोंधळ दिसला, तर ती सही केलेली आहे. ‘सिक्युरिटी सीएमएस -डी -आय’ आणि फाइलचं नाव दिलं की आतला एक्सएमएल मोकळा होतो. इथे ‘डी’ मोठ्या लिपीत, ‘आय’ लहान. कॉलेजचं वायफाय असो की क्लासचं ॲप, कुणी प्रोफाइल टाकायला सांगितली तर हे वाचल्याशिवाय मंजुरी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. विशेषतः आत ‘कॉम.ॲपल.सिक्युरिटी.रूट’ दिसलं तर कारण विचाराच. ते मूळ प्रमाणपत्र आहे, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवायला तुम्ही यंत्राला सांगता तो तुमची सुरक्षित समजली जाणारी वाहतूकही वाचू शकतो.

एमडीएम आहे की नाही हे ‘प्रोफाइल्स स्टेटस -टाइप एनरोलमेंट’ या कमांडने कळतं. उत्तर मुख्यतः दोन ओळींचं असतं. पहिली, यंत्राची नोंदणी ॲपलच्या स्वयंचलित मार्गाने, म्हणजे डीईपीने, झाली आहे का. दुसरी, एमडीएमची नोंदणी आहे का, आणि असेल तर कंसात वापरणाऱ्याने ती मान्य केली आहे का. ही मान्यता महत्त्वाची आहे. कॅमेरा, मायक्रोफोन, डिस्क यांच्या परवानग्या ठरवणाऱ्या प्रोफाइल या मान्यतेशिवाय चालत नाहीत. हाताने तर त्या बसतच नाहीत.

जुना मॅकबुक विकत घेणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यात मोलाचा आहे. पुण्या-मुंबईच्या बाजारात कंपन्यांनी काढलेली यंत्रं मोठ्या प्रमाणावर येतात. त्यांतलं एखादं मूळ कंपनीच्या नोंदीतून सुटलेलंच नसतं. तुम्ही ते घरी आणता, वर्षभराने पुसून नव्याने सुरू करता आणि पडद्यावर ‘रिमोट मॅनेजमेंट’ उभं राहतं, कारण ती नोंद अनुक्रमांकाला बांधलेली, ॲपलच्या सर्व्हरवर असते. डिस्क पुसून ती जात नाही. नुसत्या ‘स्टेटस’वर विसंबू नका, नोंदणी टाळून सुरू केलेल्या यंत्रावर ते खुशाल ‘नो’ सांगतं. पैसे देण्याआधी इंटरनेट जोडा, विक्रेत्याला पासवर्ड टाकायला सांगा आणि ‘सूडो प्रोफाइल्स शो -टाइप एनरोलमेंट’ चालवा. ही कमांड थेट ॲपलला विचारते. नोंद नसेल तर यंत्र डीईपीसाठी नाही असा एररचा संदेश येतो, आणि इथे एररच शुभ. नोंद असेल तर संस्थेचं नाव, फोन, ईमेल, सर्व्हरचा पत्ता आणि ‘इजएमडीएमअनरिमूव्हेबल’सारख्या ओळी दिसतात. विचारण्यावर मर्यादा आहे, म्हणून उगाच वीस वेळा चालवू नका.

सोबत ‘कॅट /इटीसी/होस्ट्स’ही चालवा, यातलं ‘इटीसी’ ई-टी-सी असं लिहायचं. त्या यादीत ‘आयप्रोफाइल्स.ॲपल.कॉम’, ‘डिव्हाइसएनरोलमेंट.ॲपल.कॉम’ किंवा ‘एमडीएमएनरोलमेंट.ॲपल.कॉम’ यांच्यासमोर शून्यांचा किंवा 127ने सुरू होणारा पत्ता असेल, तर कुणीतरी यंत्राचा ॲपलशी होणारा हा संवाद मुद्दाम तोडून ठेवला आहे. यंत्र तिथेच ठेवा आणि निघा. अशा यंत्राची खरी सुटका मूळ संस्था ॲपल बिझनेस मॅनेजरमधून किंवा स्कूल मॅनेजरमधून करते, दुसरं कुणी नाही. नोंद असूनही ती कुठल्या सर्व्हरला जोडलेली नसेल तर ‘शो -टाइप एनरोलमेंट’ची तपासणीही तिला पकडणार नाही. म्हणून मूळ संस्थेने यंत्र मोकळं केल्याचं पत्र किंवा किमान पक्कं बिल मागा.

तुमच्याच संस्थेचं यंत्र नोंदीत आहे पण एमडीएमला जोडलं गेलेलं नाही, अशी उलट अडचण असेल तर ‘सूडो प्रोफाइल्स रिन्यू -टाइप एनरोलमेंट’. वापरणाऱ्याला नोंदणीची सूचना पुन्हा मिळते आणि डिस्क पुसावी लागत नाही.

यंत्रं दहाबाराच्या पुढे गेली की हाताने मंजुरी देत फिरण्यात अर्थ नाही, एमडीएम घ्या. फुकट आणि मुक्त स्रोताचं हवं असेल तर नॅनोएमडीएम आहे, पण ते सांभाळायला सर्व्हरची जाण लागते. ती नसेल तर पैसे मोजलेले परवडतात. मात्र एमडीएम घेतलं तरी टर्मिनल सुटत नाही. सर्व्हरच्या डॅशबोर्डवर ‘प्रोफाइल पाठवली’ असं हिरवं चिन्ह असतं. ती यंत्रावर खरंच आहे का, हे त्या यंत्रावरच विचारावं लागतं.

त्यासाठी मला उपयोगी पडलेली पद्धत साधी आहे. ‘सूडो प्रोफाइल्स लिस्ट -ऑल’चं उत्तर ‘ग्रेप’मधून काढून फक्त ‘प्रोफाइलआयडेंटिफायर’च्या ओळी घ्यायच्या. त्यांतला शेवटचा शब्द, म्हणजे नाव, ‘ऑक’ने वेगळा करायचा आणि ‘सॉर्ट’ने लावून यंत्राच्या अनुक्रमांकाच्या नावाने फाइल ठेवायची. ओळीतला क्रमांक मुद्दाम टाकून द्यायचा, कारण एक प्रोफाइल निघाली की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात आणि तुलनेत खोटे फरक दिसतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच वेगळ्या फाइलमध्ये करून ‘डिफ’ने आधी जुनी, मग नवी अशा क्रमाने दोन फाइली ताडून बघायच्या. काही न बदललेल्या यंत्रावर ‘डिफ’ गप्प राहतं. जिथे डावीकडचा बाण दिसतो तिथली प्रोफाइल गेली आहे, जिथे उजवीकडचा दिसतो तिथे नवी आली आहे, आणि ती तुम्ही पाठवलेली नसेल तर त्या टेबलापाशी जाऊन ‘शो’ चालवायचं.